भरतीची वेळ

एकतीस वर्षं मी कदंबच्या बसमध्ये तिकिटं तपासली,
म्हापसा-पणजी, पणजी-मडगाव, कधी सावर्ड्याच्या खाणीकडे.
तेवढ्यात एक गोष्ट कळली :
तिकीट नसलेला माणूस, चेकर चढला की
खिडकीबाहेर पाहू लागतो,
जणू झुवारीत आजच पाणी आलंय.

आगशीचं ते घर तसंच पाहत होतं.
नवा पिवळा रंग, कौलं धुतलेली,
बल्कांवच्या सोप्यांना लाल ऑक्साइड
बोट टेकलं तर बोटाला येईल इतकं ताजं.
सुलक्षा म्हणाली, छान आहे.
मी म्हणालो, म्हणूनच.

दलाल आग्नेल म्हणाला, तपासायचंय? माझा माणूस आहे ना, बाबुसो.
वीस मिनिटांत सांगतो, पैसेही घेत नाही.
फुकट बसलेल्याचं तिकीट
कुणीतरी आधीच काढलेलं असतं.

दुसरा फोंड्याचा. गुळगुळीत कार्ड, नावापुढे चार अक्षरं.
ही कुठून मिळाली? विचारलं,
तर म्हणाला, अनुभव आहे, काका.
जुना एखादा अहवाल दाखवा, मालकाचं नाव झाकून,
तर म्हणाला, आम्ही तोंडीच सांगतो.
शिवाय भिंत निघालीच खराब, तर दुरुस्तीला
त्याच्या भावाची टोळी तयार होती.

तिसरी इव्होना बार्रेटो.
फोनवर आधी फी सांगितली,
मग काय काय बघणार नाही, तेही :
मुंडकाराचा हक्क, कोमुनिदादीची हद्द, एक-चौदाचा उतारा,
ते वकिलाकडे न्या, मला त्यातलं कळत नाही.
“कळत नाही” हे दोन शब्द
एवढ्या पैशांत मी कधी घेतले नव्हते.
विचारलं, शेवटचं कुठल्या घराला नको म्हणालात?
मी नको म्हणत नाही. दिसलं ते लिहिते.
पदवीचा कागद, नोंदणीचा क्रमांक न मागता पाठवला.
तरी मी फोन करून तो क्रमांक पडताळला.
सवय.

बुधवारी भाच्याच्या रिक्षाच्या टपावर शिडी बांधून आली.
रंगाकडे पाहिलंच नाही.
माळ्यावर चढली, वाशांना स्क्रूड्रायव्हर टोचत गेली;
तिसऱ्या वाशात तो मुठीपर्यंत गेला,
आवाजसुद्धा न करता.
आग्नेल खालून म्हणाला, जंगली साग, मॅडम.
ती म्हणाली, साग होता.

अर्थिंगची तार भिंतीत शिरली होती
आणि कुठेच बाहेर आली नव्हती.
चिऱ्याची भिंत तिनं गुडघ्यापासून खाली ठोकत नेली,
रंगाचा पोपडा काढून, मागचं पांढरं काहीतरी
जिभेच्या टोकाला लावलं.
मीठ.
मग मोबाइलवर भरतीची वेळ पाहिली :
पावणेसहाला परत येते.
ओहोटीला सगळीच घरं सुकी असतात.

पावणेसहाला संडासाच्या टाकीचं झाकण उचललं.
आत पाणी वर चढत होतं, घाई नाही, आवाज नाही,
कामावरून कुणी आपल्या घरी यावं तसं.
आग्नेल फोनवर बोलत बोलत फाटकापर्यंत गेला
आणि खिडकी नव्हती म्हणून
रस्त्याकडे पाहत उभा राहिला.

अहवाल अकरा पानांचा, फोटोंसकट.
सुलक्षानं विचारलं, मग घ्यावं की नाही?
ते माझ्या फीत नाही, बाय.

रात्री दोघं वाचत बसलो.
सात वासे. दोन खिडक्यांच्या चौकटी. टाकी नवी, उंचावर.
सातव्या पानावर खर्च, आणि “अंदाज” या शब्दाखाली
तिनं हातानं दोन रेघा मारलेल्या.
सुलक्षा म्हणाली, पण परसातलं भिरंडीचं झाड...
मी म्हणालो, झाड अहवालात नाही.
तिला ते आवडलं नाही.
चहाचा कप तिनं सातव्याच पानावर ठेवला.

गोल डाग उमटला.
या एका ओलीचं कारण तरी
आम्हाला माहीत आहे.